रॉझवेल (जॉर्जिया): जुन्या भागात घर घ्यायचंय, काय काय बघावं?

शर्वरी_ए:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये न्यू जर्सीहून अटलांटाच्या उत्तरेला रॉझवेलला मुक्काम हलवतोय. नवऱ्याचं ऑफिस सँडी स्प्रिंग्जला, माझं काम घरूनच. लेक १४ सप्टेंबरला पाच पूर्ण करेल, अजून शाळेत घातलेली नाही. जुन्या भागातल्या कॅन्टन स्ट्रीटवर चालत जाता येईल असं जुनं घर किंवा टाउनहाउस हवंय. बजेट साडेचार लाख डॉलर, त्याच्या वर अजिबात जाणार नाही. शाळा, जुन्या घरातल्या भानगडी आणि येणं-जाणं, यावर सांगा.

अटलांटाकर:
सात लाख धरा आणि सरळ शेजारच्या जॉन्स क्रीक शहरात घ्या. नवं बांधकाम, शाळा एक नंबर, आपली माणसं भरपूर. जुन्या घराच्या नादी लागूच नका.

मृणाल_टीचर:
अहो, त्यांनी बजेट स्पष्ट लिहिलंय. शाळेचं सांगते. किंडरगार्टनसाठी जॉर्जियात १ सप्टेंबरला पाच पूर्ण लागतात, त्यामुळे तुमची लेक तेरा दिवसांनी हुकते. यंदा तिला प्री-के, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीचं वर्ष. ते राज्याच्या लॉटरीच्या पैशातून चालतं, फी नाही. पण जागा मोजक्या, अर्ज जास्त आले की सोडत काढतात. म्हणून आत्ताच नाव द्या. दोन कागद लागतील: फॉर्म ३२३१ म्हणजे लसीकरणाचा दाखला आणि फॉर्म ३३०० म्हणजे डोळे, कान, दात, पोषण तपासणी. न्यू जर्सीचं लसींचं कार्ड तसंच चालत नाही, इथल्या डॉक्टरांकडून किंवा आरोग्य खात्याकडून जॉर्जियाच्या फॉर्मवर उतरवून घ्यावं लागतं.

सह्याद्री७५:
पत्त्यावर ‘रॉझवेल ३००७५’ दिसलं म्हणून भुलू नका. रॉझवेल शहर फुल्टन काउंटीत आहे, पण या पिनचा काही भाग कॉब काउंटीत आणि थोडा चेरोकीत येतो. शाळा, कर, नगरपालिका, सगळं वेगळं. घरविक्रीच्या साइटवर शाळेचं नाव बऱ्याचदा चुकीचं असतं. काउंटीच्या शाळा खात्याच्या नकाशावर घर क्रमांक टाकूनच खात्री करा.

अटलांटाकर:
कॉबचा भाग वाईट आहे की काय? तिथल्या शाळाही उत्तमच आहेत.

सह्याद्री७५:
वाईट म्हटलेलं नाही. वेगळा आहे, एवढंच म्हटलंय.

भिंतीतलं_पाणी:
घराकडे या आता. सत्तर ते नव्वदच्या दशकातली टाउनहाउसं तुमच्या बजेटच्या आसपास असतील. पहिलं बघायचं ते पॉलिब्युटिलीन पाइप. १९७८ ते १९९५ मध्ये सर्रास घातले. वॉटर हीटरजवळ आणि सिंकखाली बघा: राखाडी, मऊसर प्लास्टिक, अंगावर ‘पीबी२११०’ छापलेलं. मीटरपासून घरात येणारा पाइप बहुधा निळा असतो. पाण्यातल्या क्लोरीनने हे आतून ठिसूळ होतात आणि बाहेरून काही न दिसता फुटतात. कित्येक विमा कंपन्या अशा घराला नकार देतात. सापडले तर पूर्ण पाइप बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

दुसरं वाळवी. घराखालच्या क्रॉल स्पेसमध्ये, म्हणजे रांगत जाण्याइतक्या पोकळीत, टॉर्च घेऊन माणूस उतरलाच पाहिजे. पायाच्या भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या दिसल्या की वाळवी आहे. लाकडी साइडिंग (भिंतीचं बाहेरचं आवरण) मातीपासून निदान सहा इंच वर हवी. क्रॉल स्पेसच्या जमिनीवर किमान ६ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) प्लास्टिक, जोडावर फूटभर एकावर एक. लाकडाचा ओलावा २० टक्क्यांवर गेला की बुरशी धरते. टर्माइट बॉन्ड, म्हणजे कीडनियंत्रण कंपनीशी केलेला वाळवीचा करार, नव्या मालकाच्या नावावर होतो का, आणि तो फक्त फवारणीचा आहे की दुरुस्तीचाही, हे करार वाचून ठरवा. नुसत्या फवारणीच्या बॉन्डमध्ये पोखरलेल्या तुळया तुम्हालाच बदलाव्या लागतात.

तिसरं रेडॉन, जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू. फुल्टन काउंटी रेडॉनच्या झोन १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक शक्यतेच्या गटात आहे. तपासणीत लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या वर आकडा आला तर पंखा आणि पाइप बसवायची अट घाला. हे सगळं ड्यू डिलिजन्सच्या, म्हणजे करारानंतर घर तपासून माघार घेता येते त्या मुदतीत उरकायचं. मुदत टळली आणि मग माघार घेतली की अर्नेस्ट मनी, म्हणजे दिलेला इसारा, जायची वेळ येते.

गौरी_के:
+१. आणि ऐतिहासिक हद्दीत घर असेल तर खिडक्या, छप्पर, कुंपण, बाहेरून काहीही बदलायचं झालं की आधी शहराच्या वारसा समितीकडून प्रमाणपत्र. आतलं काम त्यात येत नाही. १९७८ च्या आधीचं घर असेल तर शिशाचा रंगही तपासा, घरात लहान मूल आहे.

इतिहासप्रेमी:
गाव खरंच अस्सल आहे. बुलक हॉलमध्ये १८५३ साली मिटी बुलकचं लग्न झालं, तिचा मुलगा म्हणजे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. यादवी युद्धात १८६४ च्या जुलैत युनियन (उत्तरेच्या) सैन्याने इथल्या गिरण्या जाळल्या आणि कामगार बायकांना देशद्रोहाच्या आरोपाखाली उत्तरेला पाठवून दिलं. व्हिकरी क्रीकवर गिरणीचे अवशेष आजही आहेत. लेकीला दाखवाच.

नदीकाठ:
दाखवा, पण चॅटाहूची नदीत उतरवू नका. ब्यूफोर्ड धरणाच्या तळातून पाणी सोडतात, ते उन्हाळ्यातही बर्फगार असतं, आणि पाणी सोडलं की पातळी भराभर चढते. लाइफ जॅकेटशिवाय तर नाहीच. नवऱ्याच्या ऑफिसचं म्हणाल तर मार्टाची (अटलांटाच्या सार्वजनिक वाहतुकीची) रेल्वे रॉझवेलला येत नाही. तिची रेड लाइन नॉर्थ स्प्रिंग्ज स्टेशनला संपते. तिथून विमानतळाला थेट गाडी मिळते, पण रात्री उशिरा लिंडबर्ग स्टेशनला बदलावी लागते. गाडीने जायचं तर जीए ४०० हा महामार्ग किंवा नदीच्या पुलावरून हायवे ९. पुलाच्या उत्तरेला मधली लेन वेळेप्रमाणे दिशा बदलते. वर लाल फुली असेल तर त्या लेनमध्ये शिरायचं नाही, नवखे तिथेच गोंधळतात.

पुणेरी_पेट्रोल:
गाडीची नोंदणी आणि लायसन्स दोन्ही ३० दिवसांत बदला. फुल्टनमध्ये नोंदणीआधी एमिशन (धुराची) तपासणी लागते, मॉडेल अगदी नवं असेल तर सूट. घर विकत घेतलंत तर होमस्टेड सवलतीचा (राहत्या घराच्या मालमत्ता करातल्या सुटीचा) अर्ज १ एप्रिलपर्यंत. १ जानेवारीला घर तुमच्या नावावर आणि राहतं असेल तरच ती त्या वर्षी मिळते.

चाफा_२:
मीही जॉन्स क्रीकच म्हणेन. साडेसहा-सात लाख.

शर्वरी_ए:
सगळ्यांचे मनापासून आभार. आमचं ठरलं: रॉझवेललाच, पण आत्ता विकत घ्यायचं नाही. कॅन्टन स्ट्रीटजवळ वर्षभर भाड्याने राहतो. यंदा लेकीचं प्री-के आहे, शाळेची हद्द पुढच्या वर्षी बघायची. तोवर पाइप आणि क्रॉल स्पेस बघत घरं हिंडू.

अटलांटाकर:
भाड्यात पैसे वाया जातात हो.

मृणाल_टीचर:
मग भाडेकरार जुलैपासूनच सुरू करा. इथे शाळा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच भरते, आणि राहण्याचा पुरावा म्हणून करारासोबत विजेचं किंवा पाण्याचं बिल तुमच्या नावावर लागेल.