शुक्रवारी रात्रीसाठी माशाचे साधे कटलेट, कोणता मासा घेऊ?

वसईची_सून: ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे, शुक्रवारी मटण-चिकन बंद. रात्री हलकं म्हणून पाव, काकडी आणि माशाचे कटलेट असा बेत आहे. चौघं आहोत, बजेट ३००, सासऱ्यांना तेलकट चालत नाही. मासा कुठला घेऊ आणि कटलेट तव्यावर फुटू नयेत म्हणून काय करू?

बंदरकर: रावस. आमच्याकडे दुसऱ्या कशाचे होतच नाहीत.

तिखटजाळ: ३०० मध्ये रावसाचं डोकं येईल फार तर. बांगडे घ्या. हळद-मीठ लावून वाफवायचे, कातडं आणि मधला काटा काढायचा, मग बारीक काटे बोटांनी चाचपून काढायचे, इथे घाई नको. बटाटा माशाच्या निम्माच, सालासकट उकडून पूर्ण गार झाल्यावर किसायचा, गरम कुस्करला की चिकट होतो. आलं, मिरची, कोथिंबीर, लिंबू, बास.

खादाड_७७: एअर फ्रायर घ्या! आम्ही सेलमध्ये घेतला, थेंबभर तेल लागतं.

तिखटजाळ: बजेट वाचलंत का?

सदाशिवपेठी: मासे खाऊन उपवास? कमाल आहे.

पापडीचा_पोरगा: काका, चर्चचा नियम मांसाचा आहे, म्हणजे मटण, चिकन वगैरे. मासे, अंडी, दूध चालतं. एकच पोटभर जेवण हा नियम राखेच्या बुधवारी (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेला. धागा कटलेटचा आहे, वाद नको.

सदाशिवपेठी: वाद कोण घालतंय? विचारलं फक्त.

माई_अलिबाग: बोंबलाचे अजिबात करू नका, माझे केले तर इतकं पाणी सुटलं की शेवटी उलथन्याने गोळा करून भुर्जी म्हणून वाढले. थापून रव्यात घोळवा, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, आणि खालची बाजू तव्यापासून आपोआप सुटेपर्यंत उलटू नका.

बंदरकर: म्हणूनच म्हणतो, रावस.

वसईची_सून: सगळ्यांना थँक्यू. बाजारात बांगडे होते पण डोळे आत गेलेले, नाही घेतले. घरात सुका जवळा होता, तो निवडून भाजला, दोनदा धुऊन घट्ट पिळला आणि बटाटा-कांद्यात घातला. माईंचं ऐकून फ्रीजमध्ये ठेवले, एकही फुटला नाही. सासरे म्हणाले मीठ जास्त झालंय, पण चार खाल्ले.

बंदरकर: जवळ्याचे कटलेट?? ३०० वाचवून काय केलंत मग?