जपान: सोबत सत्तरीचे आई-बाबा, पूर्ण शाकाहारी. जेवणाचं आणि सामानाचं कसं जमवायचं?

सांजवारा
ऑक्टोबरअखेर टोकियो, क्योतो, ओसाका असा बेत आहे. आम्ही दोघं आणि आई-बाबा. बाबा इन्सुलिनवर आहेत, आईचे गुडघे दुखतात. आई अंडंही खात नाही, शिवाय चातुर्मासात कांदा-लसूण बंद. मोठ्या बॅगा चार होतील. जेआर पास (जपानच्या रेल्वेचा प्रवाशांसाठीचा पास) घ्यावा का? इलेक्ट्रिक कुकर आणि डाळ-तांदूळ न्यावेत का? टूर कंपनी नको आहे.

टोकियोकर
आधी जेवण, कारण खरी अडचण तिथेच आहे. जपानमध्ये मांस टाळणं सोपं, मासे टाळणं अवघड. मिसो सूप, उदोन-सोबाचं पाणी, टेंपुराबरोबरची चटणी, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यांत 'दाशी', म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी, असते आणि ती बहुधा कात्सुओबुशीची, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसाची. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर वेटर मान डोलावतो आणि वर मांस नसलेला पण दाशीतला पदार्थ आणतो. त्याच्या लेखी तो शाकाहारीच असतो. म्हणून जपानीत छापलेलं कार्ड ठेवा: मांस, मासे, माशाची दाशी, अंडं, कांदा, लसूण चालत नाही. 'दाशी' हा शब्द कार्डावर हवाच.

पाकिटांवरच्या अ‍ॅलर्जीच्या चौकटीवर विसंबू नका. सक्तीच्या यादीत अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा वगैरे आहेत, मासे नाहीत. फोनच्या कॅमेऱ्याने घटकांची पूर्ण यादी भाषांतरित करून वाचा. जपानी करीच्या तयार वड्यांत प्राण्यांची चरबी असते, कोंबूच्या (समुद्री शेवाळाच्या) ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या गोळ्यात, माशाचा अर्क असू शकतो आणि इनारीची (भात भरलेली) तोफूची पिशवी बहुतेक वेळा दाशीतच शिजवतात. मिठाची साधी ओनिगिरी त्यातल्या त्यात बरी, तरी यादी वाचाच.

आईंसाठी 'शोजिन र्‍योरी' शोधा. हे बौद्ध मठांतलं जेवण. मांस-मासे नाहीतच, परंपरेने कांदा-लसूणही नाही. क्योतोत आराशियामाच्या तेनर्‍यूजी मंदिराच्या आवारात शिगेत्सु नावाचं उपाहारगृह आहे, ते दुपारी असतं. टोकियो स्टेशनात केइयो स्ट्रीटवर टीज तानतान पूर्ण व्हीगन रामेन देतं, मात्र ते तिकीट-गेटच्या आत आहे. तिथे कांदा-लसणाचं विचारूनच मागवा.

आणि एक, बाबांसाठी: बरीच हॉटेलं दुपारी दोनच्या सुमारास शेवटची ऑर्डर घेतात आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला पुन्हा उघडतात. दुपारचं जेवण साडेबाराच्या आत उरका, नाहीतर इन्सुलिनची वेळ चुकेल.

खटपट्या
जेआर पास या मार्गाला परवडत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० वरून थेट ५०,००० येनवर गेला. टोकियो-क्योतो नोझोमीचं (सर्वांत वेगवान बुलेट ट्रेनचं) आरक्षित तिकीट साधारण १४,००० येन, म्हणजे जाऊन-येऊन २८,०००. त्यात पासवर नोझोमीला वेगळे पैसे पडतात. त्यापेक्षा टोकियोला उतरा आणि ओसाकाहून परत उडा, एक फेरीच वाचते.

बॅगांचं बघा. लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज चाकं आणि हँडल धरून १६० सेंमीच्या पुढे गेली (कमाल २५०), तर तोकाइदो शिंकानसेनमध्ये (याच मार्गावरच्या बुलेट ट्रेनमध्ये) मोठ्या सामानाच्या जागेसह सीट आरक्षित करावी लागते. त्याला जादा पैसे नाहीत, पण न करता चढलात तर १,००० येन द्यावे लागतात. टेप घेऊन घरीच मोजा.

खरं तर बॅगा गाडीत नेऊच नका. हॉटेलच्या काउंटरवर 'ताक्क्युबिन' म्हणा, म्हणजे बॅगा पोचवणारी कुरिअर सेवा. टोकियोहून क्योतोच्या हॉटेलात मोठी बॅग साधारण दुसऱ्या दिवशी पोचते, दोन-तीन हजार येनांत. सकाळी किती वाजेपर्यंत द्यायची ते आदल्या रात्री विचारा. एका रात्रीचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट मात्र पाठीवरच्या सॅकमध्ये.

गाडी शिनागावाऐवजी (टोकियोतलंच पुढचं स्टेशन) टोकियो स्टेशनलाच पकडा. ती तिथून सुटते, त्यामुळे आईंना सावकाश चढता येईल. मधल्या स्टेशनांवर मिनीट-दोन मिनिटंच थांबते. फुजी बघायचा तर 'ई' सीट.

सांजवारा
कुकरचं राहिलं. आणि कोयासानच्या (डोंगरावरचं बौद्ध तीर्थक्षेत्र) मठात एक रात्र राहावं का? आईंना जेवण आवडेल असं वाटतं.

टोकियोकर
कुकर नको. तिथे वीज १०० व्होल्ट. फक्त २३० व्होल्टवर चालणारं उपकरण तिथे जेमतेम पाचव्या हिश्शाच्या ताकदीने चालतं, म्हणजे १,५०० वॉटचं २८० वर येतं. भात शिजणार नाही, भिजेल. पिन दोन चपट्या असतात, फोनच्या चार्जरला साधा अ‍ॅडाप्टर पुरतो.

कच्च्या डाळ-तांदळाला भारतातून वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबं तर नेताच येत नाहीत. गरजही नाही. सुपरमार्केटमध्ये २०० ग्रॅमचा शिजवलेल्या भाताचा डबा मिळतो, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम. त्याबरोबर साधं दही घ्या. फळांच्या दह्यात जिलेटिन असू शकतं, साध्या दह्यात बहुधा नसतं. घरून मेतकूट, कोरडी चटणी आणि थेपले न्या, दहीभातावर आईंची रात्र निघेल.

कोयासानचं जेवण उत्तम, पण बहुतेक मठांत ताटामीवर (गवताच्या चटईवर) गादी, जमिनीवर बसून जेवण आणि पहाटे प्रार्थना. गुडघ्यांना हे फार होईल. जायचंच असेल तर बुकिंगआधी खुर्ची आणि पलंग मिळेल का ते लेखी विचारा. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वे, मग केबल कार, मग बस.

गोळीबंद
औषधांचं कोणी बोललं नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधं आणि इन्सुलिनची इंजेक्शनं एक महिन्यापुरती विनापरवाना चालतात. त्याहून जास्त असतील तर निघण्याआधी 'युन्यू काकुनिन-शो' (औषधं आणण्याचं जपान सरकारचं प्रमाणपत्र) काढावं लागतं. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत हवं, आपले ब्रँड तिथे कोणी ओळखत नाही. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून अधिक असेल तर बंदी आहे, गोळ्यांच्या पाकिटावरचे घटक वाचून घ्या. कोडीनचं खोकल्याचं औषध घरीच ठेवा. इन्सुलिन केबिन बॅगेत, खालच्या सामानात गोठू शकतं.

ई-व्हिसा असेल तर तो विमानतळावर फोनवर ऑनलाइन उघडून दाखवावा लागतो. छापील प्रत, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. त्यामुळे रांगेत उभं राहण्यापूर्वी वायफाय किंवा ई-सिम सुरू करा, आणि आई-बाबांचे लॉगिन तुमच्याच फोनवर ठेवा.