नवरात्रात घटातलं धान्य कुजतं, बुरशी धरते. नेमकं कुठे चुकतं?

रानजाई:
परडीत माती घालून धान्य पेरलं की तिसऱ्या-चौथ्या माळेलाच पांढरी बुरशी येते, आंबूस वास सुटतो. गहू कसेबसे वर येतात, हरभरा पार कुजतो. घट तांब्याचा आहे, पाणी रोज सकाळी तांब्याभर घालतात. शिवाय अखंड दिवा पहाटेच्या सुमारास विझतो. आणि 2025 सारखं नवरात्र दहा दिवसांचं आलं तर माळा किती बांधायच्या?

काळीमाती:
तांब्याभर पाणी? तिथेच घोळ आहे. घट मातीचा असला की आपोआप पाझरतो आणि भोवतीची माती ओलसर राहते, वरून फार घालावं लागत नाही. (ऑइलपेंटने रंगवलेला घट मात्र पाझरत नाही. साधा लालच घ्या.) तांब्याचा ठेवायचा तर सकाळ-संध्याकाळ हाताने नुसतं शिंपडा. मूठ आवळल्यावर मातीचा गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये, एवढीच ओल हवी. परडीखाली ताट असेल तर त्यात साचलेलं पाणी रोज ओता.

माती शेतातली, चाळलेली. कुंडीतली शेणखत घातलेली घेऊ नका. खत अर्धवट कुजलेलं असलं तर बुरशी तिथूनच येते. खाली दोन बोटं माती, त्यावर धान्य, वर जेमतेम झाकेल इतकाच थर. दीड वीत परडीला मूठभर धान्य पुरे. दाण्यावर दाणा पडला की खालचे गुदमरतात. गहू, जव, ज्वारी रात्रभर भिजवून पेरा. हरभरा टपोरा असल्याने ओल धरून बसतो; चार-पाच दाणेच टाका, तेही कडेला.

कुळाचार:
वरच्यात एक भर. बुरशी पुष्कळदा माळेमुळेही येते. रोजची नवी माळ बांधतात आणि आधीची काढत नाहीत, त्यामुळे ओल्या झेंडूच्या पाकळ्या गळून अंकुरांवर चिकटतात. फुलं धुतली असतील तर कोरडी करूनच ओवा आणि गळालेल्या पाकळ्या रोज वेचा. घटाला हात न लावता हे जमतं. देव घटी बसलेले असतात, म्हणून टाकही (देवांच्या धातूच्या प्रतिमा) विड्याच्या पानांवरून हलवत नाहीत, फुलानेच पाणी शिंपडतात. माळेचं टोक दिव्याच्या वर येऊ देऊ नका. सातव्या माळेपर्यंत खालच्या वाळून खडखडीत झालेल्या असतात.

समई:
दिवा विझतो तो बहुधा काजळीने, नाहीतर तेल खाली गेल्याने. तेलाची पातळी ज्योतीपासून फार खाली गेली की वात तेल ओढत नाही. निजण्यापूर्वी तेल काठोकाठ घाला आणि वातीच्या टोकाचा काळा गोंडा काढा. त्याआधी त्याच ज्योतीवरून शेजारी दुसरं निरांजन लावून ठेवा, म्हणजे वात सारताना विझली तरी अखंडपणा राहतो. वात एकच, लांब, वेटोळं करून बुडवलेली असावी. नवी जोडायची तर आधी तेलात पुरती भिजवा. कोरडी वात चरचरते आणि बसते.

कुळाचार:
माळांचं राहिलंच. माळ दिवसाची, तिथीची नव्हे. 2025 मध्ये 22 सप्टेंबरला घट बसले, दसरा 2 ऑक्टोबरला. तिथीची वृद्धी (एकच तिथी दोन दिवस), म्हणून दहा दिवस दहा माळा. क्षय (एक तिथी गळणं) असला तर आठच. सोयर-सुतकामुळे प्रतिपदा हुकली तर तृतीयेपासून सात, पंचमीपासून पाच, सप्तमीपासून तीन दिवस किंवा अष्टमीचा एकच दिवस, असंही नवरात्र करता येतं. घट नवमीला उठवायचे की दशमीला, हे मात्र घरच्या रीतीप्रमाणे.

रानजाई:
उगवलेलं धान्य पिवळं दिसतं ते पाण्यामुळेच का?

काळीमाती:
नाही, देवघरातल्या अंधारामुळे. ते तसंच हवं. सोन्यासारखं म्हणून दसऱ्याला टोपीत खोवतात ते तेच. उपटताना मुळांची माती झटकून जुड्या बांधा, पहिली देवाला वाहा. उरलेली माती तुळशीत.