पवनचक्क्यांचा मेंटेनन्स जोखमीनुसार लावायचाय, पण पावसाळा हिशेबात कसा धरायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या पठारावर आमची साईट आहे. मशिनं जुनी, बहुतेक ६०० किलोवॅटच्या आसपासची. देखभालीचं वेळापत्रक माझ्याकडे असतं. आजवर सगळ्यांना एकच माप होतं: सहामाही, वार्षिक, ठरलेलं ग्रीसिंग, ठरलेले बोल्ट. यंदा वरून सांगणं आलंय की माणसं आणि पैसा आहे तेवढाच राहील, काम जोखीम बघून लावा. मला ते मनापासून पटलंय. अडलंय ते त्याच्या पुढे.

नेहमीच्या पद्धतीने एफएमईए केलं, म्हणजे कुठला भाग कसा बिघडू शकतो आणि त्याचा परिणाम काय, याची यादी. तीव्रता, वारंवारता आणि बिघाड आधी कळण्यातली अडचण, या प्रत्येकाला दहापैकी गुण आणि तिन्हींचा गुणाकार म्हणजे आरपीएन, जोखमीचा क्रम लावायचा आकडा. गिअरबॉक्सच्या प्लॅनेटरी बेअरिंगचे (पात्यांकडच्या, हळू फिरणाऱ्या गिअरच्या टप्प्यातलं बेअरिंग) आले ९ × २ × ७ = १२६. वाऱ्याची दिशा सांगणाऱ्या विंड व्हेनचे ३ × ७ × ६, म्हणजे तेही १२६! व्हेन गेली तर आमचा टेक्निशियन वर चढतो आणि बदलून खाली येतो. प्लॅनेटरी बेअरिंग गेलं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि त्याला मोठी क्रेन लागते.

क्रेन कधी वर येऊ शकते, यावरच इथे सगळं अवलंबून असतं. पाऊस लागला की पठारावरच्या मुरमाच्या रस्त्यांचा चिखल होतो, क्रेनच्या पायांखाली जमीन धरत नाही, धुकं इतकं की टॉवरच्या बुडाशी उभं राहून नॅसेल (वरची, गिअरबॉक्स-जनरेटर असलेली पेटी) दिसत नाही. वारा मात्र नेमका तेव्हाच. वर्षातली निम्म्याहून जास्त वीज जून ते सप्टेंबरमध्ये निघते.

उदाहरणापुरतं धरा, ६०० किलोवॅटचं मशीन जुलैत निम्म्या क्षमतेने चालतंय. दिवसाला ७,२०० युनिट. क्रेन येईपर्यंत ६० दिवस बंद राहिलं तर ४ लाख ३२ हजार युनिट, तीन रुपये दराने जवळजवळ १३ लाख. हाच बिघाड डिसेंबरात झाला, क्षमता १० टक्के आणि २० दिवसांत दुरुस्ती, तर २८,८०० युनिट, म्हणजे ८६ हजार. पार्ट तोच, पण बुडालेल्या विजेत पंधरापट फरक. तक्त्याच्या तीन रकान्यांत महिना कुठेच नाही.

बाहेरची आकडेवारी पाहिली. जर्मनीत १९८९ ते २००६ या काळात सुमारे दीड हजार पवनचक्क्यांच्या बिघाडांची नोंद ठेवली गेली. इलेक्ट्रिकल बिघाड वारंवार पण थोडक्यात आटपणारे, गिअरबॉक्सचे क्वचित पण लांबणारे, हे चित्र आमच्याशी जुळतं. पण तिकडे जोराचा वारा हिवाळ्यात असतो, त्यांचे बंद दिवस जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. आणि आमच्या मशिनांची संख्या इतकी कमी की स्वतःच्या नोंदींवरून संभाव्यता काढायला धीर होत नाही.

कोणी ऋतू धरून असं नियोजन केलंय का? तक्ता कसा मांडलात?

प्रतिसाद

मी धुळ्याकडचा, साक्री भागात काम केलंय. आमच्याकडे पाऊस कमी, पण वाऱ्याचा सिझन तोच.

पहिलं म्हणजे तो गुणाकार सोडा. ते गुण म्हणजे नुसते क्रमांक आहेत, सहा म्हणजे तीनच्या दुप्पट असं काही नसतं. त्याऐवजी सरळ रुपये मांडा, आणि प्रत्येक मोठ्या बिघाडाला दोन ओळी द्या, सिझनमधली आणि सिझनबाहेरची. तुम्ही वर केलेला हिशेबच तुमचा तक्ता आहे.

दुसरं, 'गिअरबॉक्स' अशी एक ओळ कधीच ठेवू नका. हायस्पीड शाफ्टचं (जनरेटरकडच्या, वेगाने फिरणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग व्हायब्रेशनमध्ये लवकर दिसतं आणि बऱ्याच मशिनांत वर नॅसेलमध्येच बदलता येतं, मोठी क्रेन लागत नाही. प्लॅनेटरीचं फिरणं हळू, सेन्सरपर्यंत पोचेस्तोवर सिग्नल मंदावतो, त्यामुळे तिथे तेलाचा नमुना, फिल्टरमधला चुरा आणि बोरोस्कोप (आत घालून बघायचा बारीक कॅमेरा) यांवर भर द्या. मग इशारा मिळाल्यापासून मोडेपर्यंत किती महिने हाती राहतात ते पावसाळ्याच्या चार महिन्यांशी ताडून बघा. पुरत नसतील तर मार्च-एप्रिलमध्येच काम काढा, बेअरिंग अजून चालतंय म्हणून थांबू नका. पुरत असतील आणि मशीन पिचवालं (पात्यांचा कोन बदलता येणारं) असेल, तर लोड उतरवून ऑक्टोबर गाठता येतो.

संभाव्यतेची फार काळजी करू नका. कमी, मध्यम, जास्त असे तीन गट पुरेत. आकडा दुप्पट करून बघा, निम्मा करून बघा. कामांचा क्रम बदलत नसेल तर त्यावर आणखी डोकं लावण्यात अर्थ नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो. ब्रेक, ओव्हरस्पीड, शिडीवरची फॉल अरेस्ट (पडताना माणसाला अडवणारी व्यवस्था) आणि ब्रेकजवळची तेलगळती या गोष्टी रुपयांच्या तक्त्यात आणूच नका. वर आपली माणसं असतात. ती कामं ठरल्या तारखेलाच व्हायला हवीत, यादीत घासाघीस करायला नको.

प्रतिसाद

वरच्यात भर घालतो. विजांचा सिझन वाऱ्याच्या आधी येतो. वळीव एप्रिल-मे मध्येच कडाडतो, म्हणून ब्लेडचे रिसेप्टर (वीज झेलणारे धातूचे ठिपके), ती वीज खाली नेणाऱ्या डाऊन कंडक्टरची सलगता आणि अर्थिंग मार्चअखेर तपासून ठेवा. जूनचा मुहूर्त धरलात तर उशीर होतो. तुमच्या पठारावर जांभा आहे, उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंगचा रेझिस्टन्स चढतो. मोजायचं ते तेव्हाच. पावसात ओल्या जमिनीवर घेतलेलं रीडिंग फसवं चांगलं येतं.

धागाकर्ता

धुळेकर दादा, आणि तुम्हीही, खूप आभार. दोन ओळींचा तक्ता आजच मांडायला घेतो, सुरक्षेची कामं वेगळ्या पानावर काढतो, आणि अर्थिंगची मोजणी मार्चमध्ये ओढतो.

एक उपप्रश्न राहिला. प्लॅनेटरीसाठी तेलातल्या लोहाच्या पीपीएमवर (दहा लाखांत किती भाग) नजर ठेवायची तर गळती असलेल्या मशिनांत आम्ही मधूनमधून तेलाची भर घालतो, आणि प्रत्येक भरीनंतर आकडा खाली येतो. मग खरी झीज वाढतेय की नाही हे कशावरून ओळखायचं? भर घातलेल्या लिटरांची नोंद आमच्याकडे आहे, पण ती हिशेबात कशी घ्यायची ते कोणी उदाहरणासह सांगितलं तर फेब्रुवारीतल्या नमुन्यांच्या आधी बसवून टाकेन.