मदत हवी आहे: पोकरमध्ये फ्लशसाठी थांबायचं की पत्ते टाकायचे?

नमस्कार मंडळी. कोथरूडला आमचा कट्टा रमी आणि तीन पत्तीवरून आता टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारावर आलाय. पैसे नाहीत, नुसत्या चिप्स. हरणाऱ्यानं चहाचे कप विसळायचे.

हातांची उतरंड पाठ आहे, अडतं ते हिशेबात. समजा माझ्याकडे बदामचा एक्का आणि बदाम नव्वी, फ्लॉपवर (टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत) आणखी दोन बदाम. फ्लशला, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांना, एक बदाम कमी. पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) १००, समोरचा ५० लावतो. म्हणजे १५० मिळवायला मी ५० घालायचे. निदान २५ टक्के शक्यता हवी. न दिसलेल्या ४७ पानांत बदाम उरले ९. पुढच्या एका पानावर फ्लश व्हायची शक्यता साधारण १९ टक्के, टर्न आणि रिव्हर (टेबलावरचं चौथं आणि पाचवं पान) दोन्ही धरून ३५. यातला कोणता आकडा धरायचा? आमचा एक गणिती मित्र ठामपणे ३५ म्हणतो. पण टर्नला समोरच्यानं पुन्हा लावले तर? त्या ५० मध्ये दोन्ही पानं बघायला मिळतील असं थोडंच आहे! की फ्लश लागल्यावर पुढे मिळू शकणाऱ्या चिप्सही हिशेबात घ्यायच्या? आणि त्या किती?

दुसरं, एक्का-राजा उचलला आणि फ्लॉपवर जोडी लागली नाही, तर तुम्ही पुन्हा लावता का? मी डीलरच्या जागी, म्हणजे सगळ्यांनंतर बोलणारा असेन तर आणि सगळ्यांआधी बोलायचं असेल तर, दोन्ही सांगा.

पैशांचं ॲप कृपया सुचवू नका, २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं ते तसंही बंद आहे. पत्त्यांचा जोड आणि कागद-पेन घेऊन करता येईल असा सराव असेल तर हवाय.