चर्चा: संशोधन दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये आणावं का?

कृष्णाकाठ: सांगली-साताऱ्याकडे कॉम्प्युटरच्या पदवीचं संशोधन म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि पैसे भरून छापलेला पेपर, असंच बऱ्याच ठिकाणी झालंय. माझं मत, ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्येच हवं. फोटोवरून द्राक्षपानावरचा रोग ओळखायला शिकवलेला प्रोग्राम, म्हणजे मॉडेल घ्या. मुलं 'प्लांटव्हिलेज' हा तयार फोटोसंच उचलतात, ९९ टक्के अचूकता दाखवतात, व्हायव्हा (तोंडी परीक्षा) संपतो. त्या संचात द्राक्षाचे वर्ग चारच: ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट हे तीन रोग आणि निरोगी पान. तासगावचा बागायतदार ज्यांच्यासाठी फवारण्या करतो ते डाउनी आणि भुरी हे बुरशीचे रोग त्यात नाहीतच! या संचावरच्या २०१६ च्या गाजलेल्या अभ्यासात अचूकता ९९.३५ टक्के होती. वेगळ्या परिस्थितीतल्या फोटोंवर ती ३१ टक्क्यांच्या आसपास आली. ही घसरण का झाली, ते मुलांनी शोधावं.

हळदपेठ: सर, २० जणांची बॅच, आठवड्याला २ तास. पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारं चल) पक्के नाहीत, फाइल वाचून अ‍ॅरेत (एकाच प्रकारच्या किंमतींच्या यादीत) भरताना अडतात. त्यात फुकटचं कोलॅब (गूगलची ऑनलाइन कोड चालवायची सोय) मध्येच तुटतं, ट्रेनिंग, म्हणजे मॉडेलला फोटो दाखवून शिकवणं, पाण्यात जातं आणि मुलं दुसऱ्याच्या नोटबुकमधला आकडा उचलतात. आधी पाया भक्कम करा.

कृष्णाकाठ: पायाच घेऊ मग. मॉडेलला लागणारा जीपीयू (वेगवान ग्राफिक्स प्रोसेसर) नको, सी भाषा पुरे. ४०९६ × ४०९६ चा इंट (४ बाइटचा पूर्णांक) अ‍ॅरे, म्हणजे ६४ एमबी. ग्लोबल घ्या, फंक्शनमध्ये लोकल घेतला तर स्टॅक (फंक्शनसाठीची छोटी मेमरी) फुटतो. आधी सगळ्यात किंमती भरून घ्या, मग बेरीज एकदा ओळीने, एकदा स्तंभाने. स्तंभाने कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण प्रोसेसर मेमरीतून एका वेळी ६४ बाइटचा तुकडा (कॅशे लाइन) उचलतो, त्यात १६ इंट येतात आणि त्यातला एकच वापरून पुढे जावं लागतं. आता ४०९६ चे ४०९७ करा, वेळ पुन्हा बदलतो. का? हा प्रश्न मुलांनी लढवायचा. बेरीज छापायला विसरू नका, नाहीतर कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) लूपच काढून टाकू शकतो. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायची कंपायलरची सोय) चढवलं तर तो लूपची अदलाबदलही करू शकतो आणि फरकच दिसत नाही. प्रत्येक मोजणी १० वेळा, मध्यक लिहायचा.

कराडकर: प्रयोग उत्तम, पण गुण कशाला देणार? टर्मवर्कला (सत्रातल्या प्रॅक्टिकल कामाला) आउटपुट बरोबर आलं की गुण, मग कोण कशाला खोलात जाईल? शिवाय बीएस्सीला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) चौकटीत 'ऑनर्स विथ रिसर्च' या चार वर्षांच्या पदवीसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. संशोधन मोजक्यांसाठीच, हा समज तिथूनच रुजतो.

कृष्णाकाठ: निम्मे गुण अंदाजाला द्या. कोड चालवण्याआधी मुलाने वहीत लिहायचं: कोणता लूप वेगवान, साधारण किती पट आणि का. अंदाज चुकला तरी कारणमीमांसेला गुण. हातानं लिहिलेलं असल्यानं कॉपीही कमी होते.

हळदपेठ: हे सहा आठवड्यांतून एकदा जमेल, दर प्रॅक्टिकलला नाही. आणि फोटोसंचाचं काम तिसऱ्या वर्षाआधी नकोच. एकाच पानाचे दोन फोटो, एक ट्रेनिंगमध्ये आणि एक चाचणीत गेला की आकडा फुगतो. हे मुलाला स्वतःहून ओळखता येईपर्यंत त्याच्या ९९ टक्क्यांवर माझा तरी विश्वास बसणार नाही.