मूळ डाग सापडला नाही म्हणजे तपास कच्चा, असं नाही

"मेलॅनोमा (कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर) पसरलाय पण सुरुवात कुठून झाली ते सापडेना, म्हणजे डॉक्टरांनी नीट बघितलंच नाही," असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. आमचे मामा परभणीकडचे, जन्मभर कापसात राबलेले. काखेत लिंबाएवढी गाठ आली, बायोप्सीत मेलॅनोमा निघाला. मग तळपाय, नखं, डोक्याची कातडी, तोंड, नाक, गुदद्वार, डोळ्यांचा आतला पडदा, सगळं तपासलं. पेट स्कॅनही (अंगभर कॅन्सर शोधणारा स्कॅन) झाला. मूळ डाग नाहीच. मेलॅनोमाच्या साधारण ३ टक्के पेशंटमध्ये असं होतं. कधी कधी शरीराची प्रतिकारशक्तीच कातडीवरचा डाग पुसून टाकते, पण तोवर कॅन्सरच्या पेशी लसिकाग्रंथीत (काख, मान, जांघेतल्या छोट्या गाठींत) पोचलेल्या असतात.

एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वी एखादा तीळ, चामखीळ काढली होती का?" मामा नाही म्हणाले. मामीला आठवलं: पाठीवरचा काळा मस १०-१२ वर्षांमागं गावातच जाळून घेतला होता. तपासायला काही पाठवलंच नव्हतं. तिथं आता बोटाच्या पेराएवढा पांढुरका चट्टा आहे. तोच होता का, हे आता कुणीच सांगू शकत नाही, आणि याचीच मला फार हळहळ वाटते. म्हणून हा प्रश्न पेशंटबरोबर घरच्या बाईमाणसालाही विचारा. आणि मूळ सापडेना म्हणून महिने घालवू नका. कुठलं औषध लागू पडेल हे बघायला करतात ती बीआरएएफ जनुकाची तपासणी काखेतल्या गाठीच्या तुकड्यावरही होते, इम्युनोथेरपीही (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार) मूळ डाग सापडला नाही म्हणून अडत नाही.